बिब्ब्याचा वण

माझगाव, मुंबई
ता. ४ जानेवारी १९३४

ती. बयामावशीस,

साष्टांग नमस्कार घातलाय असं समज. खोलीत आम्ही सहाजण राहतो आणि आडवं पडायला पाळी लावलेली आहे, तेव्हा प्रत्यक्षात उभ्यानेच हात जोडले आहेत.

तू विचारलंस, "तू बंदरावर नक्की करतोस काय, गावात कुणी विचारलं तर माझी पंचाईत होते." सांग की महिपती साहेब झाला. पूर्ण नाही, पण साहेबाच्या शेजारी उभा असतो. साहेब म्हणजे बंदराचे डॉक्टर. बोट सुटायच्या आधी तिच्यावरचे खलाशी, भट्टीत कोळसा टाकणारे आगवाले, स्वयंपाक करणारा भंडारी, सगळे रांगेत उभे करायचे, बाह्या वर करायला लावायच्या आणि दंडावर देवीच्या टोचणीचा वण आहे का ते बघायचं. वण असेल तर शिक्का. नसेल तर मी सुई घेऊन पुढे होतो. बोटीवर एकाला देवी आल्या की त्याच्या शेजारी झोपणारे चाळीसजण धोक्यात येतात आणि पुढचं एकही बंदर त्या बोटीला उभं करून घेत नाही.

आता गंमत ऐक. सुई टोचली की आठ दिवस दंड सुजतो आणि ताप येतो. सुजल्या दंडाने कोळसा ओढता येत नाही, बोट निघून जाते आणि गडी महिनाभर घरी. म्हणून मला बघितलं की हे दांडगे बाप्ये तान्ह्या पोरांसारखे दडून बसतात. परवा एकाला मी पाण्याच्या पिंपातून काढला. पण गेल्या महिन्यापासून निराळंच चाललंय. जो येतो त्याच्या दंडावर वण आहे. काळा, गोल, एकाच साच्यातून काढल्यासारखा. साहेब म्हणतो हे वण खोटे आहेत. खोटे कसे ते त्याला सांगता येत नाही आणि मलाही नाही. मी सुईवर येऊन तीनच महिने झाले, त्याआधी दप्तरात कागद लावत होतो. कोळशाने माखलेल्या दंडावर मला सगळे वण सारखेच दिसतात, आणि साहेबाला चष्म्याशिवाय दंडच दिसत नाही.

तुझ्या भिमाचं काय चाललंय? गडी वीस वर्षांचा झाला, अजून तुझ्या बिब्ब्यांच्या पाट्याच वाहतोय का?

तुझा
महिपती

---

बेडसे
ता. ११ जानेवारी

म्हैपती,

आशीर्वाद हाय. ह्ये पत्र म्याच लिवलंय, दुसऱ्या कुनाला लिवाया लावलं न्हाई. लोनावळ्याला मिशनच्या शाळंत धा वरीस झाडलोट केली ती फुकट न्हाई गेली. पोरं पाटीवर गिरवायची अन् म्या केर काढता काढता शिकायची. मास्तरला कळलं न्हाई, न्हाईतर फी मागितली असती.

गावात सांगितलं, म्हैपती सायब झाला म्हून. पाटलाची नंदाबाई म्हनाली, सायब झाला तर धोतर का नेसतो? म्या म्हनलं, सुई टोचायच्या कामाला धोतरच बरं, लोक मारायला उठलं तर पळाया येतं.

हितं औंदा बिब्ब्याला लय भार हाय. लेन्यांच्या मागल्या रानात जाते, पाटी भरून आनते अन् कामशेतच्या बाजारात बसते. एक गिऱ्हाईक लय ग्वाड मिळालंय. कामशेतच्याच इनायतभाऊचा गुलजार. बोटीवर भंडारी हाय. सुट्टीला आला की आख्खी पाटी उचलतो. म्या इचारलं, आमटीत बिब्बं घालतोस का रं? तर म्हनाला, मावशी, बोटीवर धोबी हाय, त्येला कापडांवर खुना कराया लागत्यात. खरं बी हाय, बिब्ब्याची खून धुतल्यानं जात न्हाई. तुज्या सायबाच्या सदऱ्यावर बी माज्याच बिब्ब्याची खून आसंल, बग उलटून.

भिमा आता गुलजारसंगं बोटीवर निगालाय. कोळसा टाकायचं काम हाय म्हनं. म्या व्हय म्हनलं. हितं ऱ्हाऊन काय करील, वडाच्या सावलीत बसून दाढी वाढवील. तुज्या रांगंत आला तर वळक दाव.

अन् एक ध्यानात ठिव. त्येला टोचू नगंस. त्येला टोचलंय. ल्हानपनी टोचलंय. म्हंजी मागल्या साली टोचलंय, लोनावळ्याला. डाग हाय त्येच्या दंडाला, तू बगशीलच.

मावशी

---

माझगाव
ता. १६ जानेवारी

ती. मावशी,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि चौथ्यांदा वाचताना हातातला चहा सांडला.

मालाच्या बोटीवर धोबी नसतो. खलाशी आपला सदरा दोरीला बांधून समुद्रात सोडतो आणि बंदर आलं की वर ओढतो, झालं धुणं. गुलजारने तुला चांगलंच बनवलं. तुझ्या बिब्ब्यांनी खुणा होताहेत खऱ्या, पण त्या कपड्यांवर नाहीत, माणसांवर आहेत. बिब्बा फोडून त्याचं तेल दंडावर ठेवायचं. कातडी उतते, फोड येतो, फुटतो आणि काळा गोल डाग राहतो. तोच डाग साहेबासमोर टोचणीचा वण म्हणून उभा राहतो. दुखणं दोन दिवसांचं, ताप नाही, बोट चुकत नाही. सोय उत्तम आहे. फक्त देवी आल्या तर त्या डागाचा उपयोग एवढाच, की प्रेत कुणाचं ते ओळखता येतं.

साहेब पेटलाय. काल सगळ्या रांगेसमोर त्याने जाहीर केलं, हे वण करून देणारा माणूस मला हवा आहे, त्याला मी तुरुंगात घालणार. साहेब इंग्रजीत ओरडला आणि मग तेच मी मराठीत ओरडलो. ओरडताना पाहतो तर रांगेच्या सुरुवातीलाच गुलजारच्या मागे आपला भिमा. बाही वर केली त्याने. काळा, गोल डाग. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने बोटीकडे पाहिलं. "लोनावळ्याला टोचलंय," म्हणाला, अगदी तुझ्या पत्रातल्यासारखं.

मावशी, तू खोटं बोलतेस असं मी म्हणत नाही. म्हटलं तर तू मारशील. पण मी पुरता घोटाळ्यात आहे, आणि अख्ख्या मावळात बिब्ब्यातलं तुझ्याइतकं कुणाला कळत नाही. बिब्ब्याचा डाग आणि सुईचा वण वेगळा कसा ओळखायचा, एवढं कळव. भिमाचंही त्यावरूनच ठरवू. डाग खोटा निघाला तर मुकाट्याने टोचतो आणि विषय संपवतो. बोटीवर जीव सांभाळायचा तो आहे, तिथे नात्याची भीड नको.

आणि गुलजारला यापुढे एक बिब्बा देऊ नकोस.

महिपती

---

बेडसे
ता. २१ जानेवारी

म्हैपती,

गुलजार मेल्यानं मला फशिवलं. बाजारात भेटू दे, त्येच्याच दाढीला बिब्बा लावते. म्या म्हातारी बाई, मला काय ठावं बोटीवर धोबी अस्तो का न्हाई. बोट म्या कंदी बगितली? पवनेतली नाव ती माजी बोट.

आता डाग कसा वळकायचा ते लिवते. नीट वाच, उलटंपालटं करू नगंस. तिळाचं त्याल घ्यायचं. डागावर आंगट्यानं धा येळा चोळायचं. डाग लाल झाला तर त्यो बिब्ब्याचा. काळाच ऱ्हायला तर सुईचा. ह्यात काय बी चूक न्हाई. माजी सासू बी आसंच म्हनायची, अन् तिनं जल्मभर बिब्बंच फोडलं.

भिमाचा काळाच ऱ्हाईल, बग. मी आई हाय, मला ठावं.

बाकी सायबाला सांग, तुरुंगाची भाषा लगीच करू नगं. गरिबाची मान्सं हाईत, पोटासाटी करत्यात.

मावशी

---

माझगाव
ता. ३१ जानेवारी

ती. मावशी,

तुला दंडवत. या खेपेला खरोखर घातला. माझी आडवं पडायची पाळी होती.

तेवीस तारखेला तिळाच्या तेलाचा डबा घेऊन मी रांगेसमोर उभा राहिलो. साहेब म्हणाला, हे काय. मी म्हणालो, शास्त्र. एकेकाचा दंड धरला आणि चोळला. एकतीसजणांचे लाल झाले. केवढी ओरड केली मेल्यांनी. आईची आण, साहेब, तळेगावला टोचलंय. साहेब, सरकारी दवाखान्यात टोचलंय. एक तर रडायला लागला. मी म्हटलं, मावशीचं तेल खोटं बोलत नाही, आणि एकतीसच्या एकतीसजणांना टोचून काढलं. ज्यांचे काळे राहिले त्यांना शिक्का. भिमाचा काळाच राहिला, कोळशासारखा. अव्वल नंबर. परवापासून तो बोटीवर आहे.

साहेब खूश आहे. मला "वेल डन" म्हणाला. आजवर मला तो फक्त "यू" म्हणत असे.

एकच गोष्ट साहेबाच्या डोक्यात बसत नाही. त्या एकतीसजणांचे वण खोटे असले तर आता त्यांचे दंड सुजून ताप यायला हवा होता. आठ दिवस झाले, एकाचाही दंड सुजला नाही. सगळे टुणटुणीत फिरताहेत आणि मला शिव्या घालताहेत. साहेब म्हणतो लस शिळी असणार. नवी मागवली आहे.

महिपती

---

माझगाव
ता. ३ फेब्रुवारी

ती. मावशी,

घाईत लिहितोय, घाबरू नकोस.

भिमाच्या बोटीवर काल एका आगवाल्याला देवी निघाल्या. दत्तोबा नावाचा, रत्नागिरीकडचा. त्याला लगेच उतरवून वेगळ्या दवाखान्यात नेलं आहे. बोट धक्क्यावरून काढून बंदरात लांब नांगरली, वर पिवळं निशाण चढवलं. आता चौदा दिवस त्या बोटीवरून कुणी उतरायचं नाही. भिमा आत आहे, गुलजारही आत आहे. भिमाचं अंथरूण दत्तोबाच्या शेजारी होतं.

साहेब म्हणतो, देवी आलेल्याच्या शेजारी झोपलेल्याला तीन-चार दिवसांच्या आत टोचलं तर बहुतेक वाचतो. उशीर झाला की सुईचा उपयोग नाही. पण भिमाला ती भीती नाही. तुझ्या तेलाने त्याचा वण खरा ठरलाय. म्हणून मुद्दाम लिहितो, बाजारात कुणाकडून काही ऐकलंस तर जिवाला लावून घेऊ नकोस.

महिपती

---

तार
कामशेत स्टेशन, ४ फेब्रुवारी

भिमाचा डाग खोटा. तेल उलटं. टोच. बया.

---

कामशेत
ता. ४ फेब्रुवारी

म्हैपती,

तार केली. ठेसनमास्तरनं विंग्रजीत लिवली, तीनदा इचारलं, बाई, तेल उलटं म्हंजी काय? म्या म्हनलं, तू लिव, ज्येला कळायचं त्येला कळंल. आता त्येच्याच बाकावर बसून ह्ये लिवतेय.

सुईचा डाग लाल व्हतो. त्याला बारीक खळगं अस्त्यात, बोट फिरवलं की लागत्यात. बिब्ब्याचा सपाट अस्तो, काळाच ऱ्हातो. म्या तुला मुद्दाम उलटं लिवलं. तू ज्यांला टोचलंस ती खरी टोचलेली मान्सं, म्हून त्येंचं दंड सुजलं न्हाईत. अन् ज्यांला सोडलंस ती समदी बिब्ब्याची.

भिमाचा डाग म्या केलाय. माज्या हातानं. बिब्बा तापवून, चुलीपाशी बसून. त्येला सांगितलं, ह्यो डाग सुईसारकाच हाय, ह्येच्यावरून देवी फिरून जाती, कुनी सुई घेऊन आलं तर घिऊ नगंस. गुलजार कशापायी पाट्या नेतो ते बी मला पयल्यापासनं ठावं व्हतं. धोब्याची गोष्ट म्या तुज्यासाटी लिवली.

का केलं ते बी लिवते, येकदाच लिवते. भिमाच्या आदी मला शालू व्हती. तू तवा जल्मला नव्हतास. दोन वर्साची व्हती, दुडूदुडू पळायची. गावात देवीडॉक्टर आला, तिला टोचलं. दंड सुजला, आंग तापलं, अन् सातव्या दिशी गेली. डॉक्टर म्हनाला, सुईनं न्हाई गेली, तवा गावात पटकी व्हती, त्येनं गेली. आसंल. म्या भांडायला गेले न्हाई. पन सुई बगितली की मला तिचा दंड दिसतो. भिमा झाला तवाच म्या ठरवलं, ह्येला सुई लागू देनार न्हाई.

म्या काय शानी हाय का येडी, ते मागनं ठरव. आता आदी टोच.

मावशी

---

माझगाव
ता. ५ फेब्रुवारी, सकाळ

मावशी,

टपालाने उशीर होईल म्हणून पत्र गार्डाच्या हाती देतोय, ते लोणावळ्याचेच आहेत, कामशेतला गाडी थांबली की तुझ्याकडे पाठवतील.

तार काल दुपारी मिळाली. साहेबाला दाखवली नाही. "डाग खोटा" हे वाचून त्याने पहिला प्रश्न विचारला असता, कुणी केला. मी म्हणालो, साहेब, देवी बोटीवरच निघाल्यात, सगळ्यांनाच पुन्हा टोचावं. साहेब हो म्हणाला. आम्ही लाँचमधून बोटीवर गेलो. तुझ्या काळ्या डागांचे सगळे गडी मुकाट्याने पुढे आले. दत्तोबाचं तोंड पाहिलं होतं त्यांनी. गुलजारने तर दोन्ही दंड पुढे केले.

भिमा नाही म्हणाला.

मी जवळ जाऊन कानात सांगितलं, आईची तार आहे, डाग खोटा आहे म्हणते. तर माझ्याकडे न बघता म्हणाला, "तार खोटी." आणि मग साहेबाला ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणाला, "माजा वण खरा हाय, मला टोचायचं न्हाई." साहेबाने हुकूम सोडला, धरा. तिघांनी मिळून धरायचं ठरलं. दोघे मागे राहिले. मी पाण्यात पडलो. पवनेत तू पोहायला शिकवलंस म्हणून हे पत्र लिहितोय.

तू त्याच्या डोक्यात काय भरलंस मला माहीत नाही, पण ते पक्कं बसलंय. साहेब म्हणतो, आज आणि उद्या, त्यानंतर सुईचा उपयोग नाही. मावशी, मी त्याला शिव्या दिल्या, हात जोडले, रडलोसुद्धा. माझ्याच्याने होत नाही. तू ये. मिळेल त्या गाडीने ये.

महिपती

---

बेडसे
ता. १४ फेब्रुवारी

म्हैपती,

घरी पोचून आठ दिस झालं. पत्र लिवलं न्हाई कारन माजाच दंड सुजला. पपईयेवढा झालाय. ताप बी आला. नंदाबाई बगाया आली अन् लांबूनच परत गेली. म्हनाली, सायबाची मावशी झालीस, भोग आता.

ममईचं समदं आटवलं की मला हसाया येतं. लाँचमदी बसल्याबरूबर म्या उलटी केली ती नेमकी सायबाच्या बुटावर. त्येनं आपला आपुन बूट पुसला, गरीब मानूस हाय, तू उगं नावं ठिवतोस. मग म्हनाला, सुई घेतल्याबिगर बोटीजवळ जायचं न्हाई. म्या म्हनलं, टोच की, कुटं पळून जातेय. तू सुई घेऊन फुडं झालास. म्या शालूचं नाव घेतलं अन् डोळं उगडं ठिवलं.

बोट बगून म्हनलं, आगं आई, ह्ये तर आख्खं लोनावळं पान्यावर हाय. कटड्यावर समदी मान्सं वाकून बगत व्हती, अन् मदी माजा भिमा. म्या वरडले, भिमा, खाली ये, टोचून घे. त्यो न्हाई म्हनाला. म्या पदर सारला, दंड दावला, ह्ये बग, आईनं घेतली सुई. तरी न्हाई. सायबाकडं बगत ऱ्हायला नुसता. मग माजं डोस्कं फिरलं. लाँचमदी हुबी ऱ्हायले, सायबाकडं बोट केलं अन् वरडले, ह्यो डाग म्या केलाय, सायब, बिब्ब्यानं केलाय, बया माजं नाव, बेडश्याची, लिवून घ्या. तू विंग्रजीत सांगंना, म्हून धा येळा वरडले. गुलजारनं सांगितलं सायबाला, लय आगाऊ.

मग बगितलंस का? भिमानं लगीच बाही वर केली. शिडीवरनं खाली आला अन् दंड फुडं केला. आईचा सुजनारा दंड बगून लेकराचा जीव इरघळला शेवटी. तू उगं म्हनत व्हतास, ऐकनार न्हाई.

सायबानं मग इचारलं, बाकीचं खोटं डाग वळकशील का? समद्यांनी कटड्यावरनं दंड खाली सोडलं. म्या सांगत गेले, ह्यो बिब्ब्याचा, ह्यो सुईचा, ह्यो बिब्ब्याचा पन गुलजारनं केलाय, लय कच्चं काम, बिब्बा नीट तापवला न्हाई. सायब हसला. मग माजं नाव कागदावर लिवून घेतलं. पोलीस येनार हायत का ते कळव. म्हंजी घर सारवून ठिवते.

भिमा कसा हाय? तेवडं येका वळीत लगीच लिव. बाकीचं मागनं लिव.

मावशी

---

माझगाव
ता. २२ फेब्रुवारी

ती. मावशी,

भिमा बरा आहे. सुई लागली. दंड पिकला, दोन दिवस ताप, अंगावर मोजून चार फोड आले आणि तेही सुकले. चौदा दिवसांवर आणखी पाच दिवस ठेवून काल बोट सुटी केली. पिवळं निशाण उतरवलं. बोटीवर दुसऱ्या कुणालाही देवी निघाल्या नाहीत.

दत्तोबा गेला. नऊ तारखेलाच गेला, तुला ताप होता म्हणून लिहिलं नाही. तेवीस जानेवारीला त्याच्या दंडावर मी स्वतः तेल चोळलं होतं. काळाच राहिला होता आणि मी शिक्का मारला. त्या दिवशी टोचलं असतं तर तो वाचला असता, असं साहेब म्हणतो. मी तुझ्यावर ढकलत नाही. खळगे हाताला लागतात हे मला स्वतःला कळायला हवं होतं, सुई माझ्या हातात होती. पण तुला माहीत असावं म्हणून लिहितो.

पोलीस येणार नाहीत. साहेबाने परवा विचारलं, तो नावाचा कागद कुठे आहे. बोटीला गंधकाची धुरी देताना कागदही आत राहिले आणि जळून गेले, असं मी सांगितलं. साहेबाने चष्मा पुसला आणि म्हणाला, गंधक फारच जोरदार आहे आपलं.

आता मुख्य गोष्ट. काल भिमा उतरल्यावर मी त्याला चहा पाजला आणि म्हणालो, गाढवा, आई आली नसती तर तू मेला असतास, आईच्या त्या डागावर एवढा विश्वास? तो म्हणाला, "कसला विश्वास. ल्हानपनापासनं बिब्बं मीच वाहतोय. आई चुलीपाशी बिब्बा तापवत व्हती, मी काय डोळं मिटून बसलो व्हतो?" मी विचारलं, मग टोचून का घेतलं नाहीस. म्हणाला, "सायबानं समद्यांसमोर सांगितलं व्हतं, डाग करनाऱ्याला तुरुंगात घालनार. मी दंड दिला असता तर त्यो सुजला असता अन् डाग खोटा ठरला असता. मग सायबानं इचारलं असतं, कुनी केला. बाकीचे गुलजारचं नाव सांगत्याल, त्येला सवय हाय. मी कुनाचं सांगू?"

मी म्हणालो, जीव गेला असता रे. तर म्हणतो, "व्हय. पन आईचं नाव निगालं नसतं."

म्हणून त्याने तार खोटी म्हटली. म्हणून मला पाण्यात ढकललं. आणि तू लाँचमधून स्वतःच नाव सांगितलंस, तेव्हा लपवायला काही उरलं नाही म्हणून त्याने दंड पुढे केला. तुझा सुजणारा दंड वगैरे काही नाही, मावशी. तुला कळवू नको म्हणालाय. मी कळवतोय.

बोट रविवारी सुटेल.

महिपती

---

बेडसे
ता. २४ फेब्रुवारी

म्हैपती,

पत्र मिळालं. कालपासनं चूल पेटवली न्हाई. शेजारनीला वाटलं, दंड दुखतोय.

दत्तोबाच्या घरचा पत्ता धाड. त्येच्या आईला लिवनार हाय. काय लिवनार ते मला अजून ठावं न्हाई, पन म्याच लिवनार हाय, अन् खरं लिवनार हाय. त्येच्यापायी कुनी मला न्याया आलं तर म्या न्हाई म्हननार न्हाई, तुज्या सायबाला सांगून ठिव. गंधक बिंधक काय सांगू नगंस फुडच्या येळंला.

अन् ह्ये खालचं भिमाला वाचून दाव. बोट सुटायच्या आदी दाव. मोठ्यानं वाच, गुलजारला बी ऐकू जाऊ दे.

भिमा, म्या तुरुंगात गेले असते तर सुकानं बसले असते. दोन येळंला भाकरी मिळाली असती, दळान दळलं असतं, चार बाया वळकीच्या झाल्या असत्या. तू गेला असतास तर म्या कुटं बसले असते?

आई